काकांच्या गावचा नकाशा

वसंतकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. कॅलिफोर्नियातून त्यांच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला. "ताई, हॉस्पिटलमधून कळवलं, बाबा गेले... इन हिज स्लीप." पुढं तो काय बोलला ते आठवत नाही. इथं मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला, काकांच्या आणि माझ्या दारांमध्ये एक जिना होता, एवढंच अंतर. हातात खरवडणी तशीच घेऊन मी वर गेले आणि बंद दारापाशी उभी राहिले.

मी नागपूरची, २००२ साली कामाच्या व्हिसावर इथं आलेली. काका मूळचे साताऱ्याचे. पण ते 'आमच्या गावाला' म्हणाले की समजायचं, इंग्लंडमधलं एक खेडं! तरुणपणी ते तिथं जवळच्या कारखान्यात इंजिनिअर होते. काकूंबरोबर पोस्टाच्या वर दोन खोल्यांत राहत. रविवारी मी त्यांना भाजी आणायला घेऊन जायची आणि गाडीत गाव सुरू व्हायचं. चर्चचा मनोरा अर्ध्यावरून वेगळ्या दगडाचा का, तर बांधता बांधता प्लेग आला आणि गवंडीच मेले. उरलेलं काम नातवांच्या पिढीनं केलं. तळ्याला एका बाजूनं उतार का, तर उन्हाळ्यात घोडागाड्यांची लाकडी चाकं आकसायची, म्हणून ती फुगायला गाडीच पाण्यात उभी करायचे. बेकरीची भट्टी विझत आली की काकू तिथं वाटणाचे कांदे-मिरच्या भाजायला नेत आणि बेकर शिंकून बेजार होई. "काका, आज चर्च की तळं?" मी चिडवायची. "आज तू गप्प बसायचं," ते म्हणायचे.

एकदा सिग्नलला थांबलो होतो. अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, "चर्चच्या उत्तरेच्या भिंतीपाशी आमची मुलगी आहे." अकरा दिवसांची होऊन गेली. तान्ह्या बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत. "पुरायचं कुठं, परक्या देशात? तर तिथले पाद्रीबाबा स्वतः कुदळ घेऊन आले गं. दगडबिगड नाही, नुसती जागा." मागचा हॉर्न वाजवत होता आणि मला हिरवा दिवा दिसतच नव्हता...

काकू गेल्यावर त्यांना तिथं एकदा, फक्त एकदा जायचं होतं. एकट्यानं झेपणार नव्हतं, निखिलला वेळ नव्हता. मी म्हटलं, मी नेते. आणि नेमके माझे ग्रीन कार्डाचे कागद सुरू झाले. पॉटलकला, म्हणजे घरोघरून डबे आणून होणाऱ्या जेवणाला, जो भेटेल तो ताटात भात घेता घेता सांगायचा, "यार, आत्ता कंट्री सोडू नकोस, सगळं अडकेल." मी घाबरले. "कार्ड आलं की लगेच, काका!" असं एक वर्ष, दुसरं, तिसरं. ते नुसतं "बरं" म्हणायचे. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. ते गेल्यावर तीन आठवड्यांनी कार्ड आलं. तेव्हा वकीलबाई सहज म्हणाली, प्रवासाची परवानगी आधीच काढता आली असती, सगळे काढतात. मेलं, तिला एक फोन करून विचारायचं मला तीन वर्षांत सुचलं नाही! फोन ठेवला आणि त्याच जिन्यात बसून मी हंबरडा फोडला.

खोली आवरायला आलेल्या निखिलनं परवा माझं नाव घातलेली एक गुंडाळी हातात दिली. गावाचा नकाशा. घर न् घर काढलेलं, शेजारी बारीक अक्षरात त्याची हकिकत. उत्तरेच्या भिंतीपाशी मात्र नुसता ठिपका. बसच्या थांब्यापासून त्या ठिपक्यापर्यंत पेन्सिलीची ताजी रेघ होती आणि तिच्या कडेनं लिहिलं होतं, "इथं चढ आहे, सावकाश. दम लागला तर बाकावर बस. भिंतीपाशी पोचलीस की तिला सांग, बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून आले नाहीत."

कारण गुडघे नव्हते हो काका... मी होते.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय, चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवून. मी एका बाजूला ताट घेऊन जेवते. एप्रिलचं तिकीट काढलंय. तिला काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.