वहिनींच्या इंजिनाला पेलेल असं विमान

चार वेडी माणसं दर रविवारी एकत्र आली की किस्से आपोआप साठतात. आमच्या मॉडेल विमानवाल्यांच्या कंपूत तर विमानं कमी उडाली आणि किस्सेच जास्त जमले! पूर्वी लोणी काळभोरच्या पुढच्या माळावर आम्ही वीसेक जण असायचो. कुणी अमेरिकेला गेलं, कुणी वर गेलं, बरेचसे ड्रोनकडे गेले. उरलो चौघं. दामले सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आणि आमचे स्वयंघोषित चीफ इंजिनिअर. गायकवाड, सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, विश्रांतवाडीचे. वानखेडे, अमरावतीहून पुण्याच्या आयटीत आलेला पोरगा. आणि मी, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, कंपूतली एकटी बाई.

हे किस्से खरं तर हसत सांगायचे. मला हल्ली ते जमत नाही. तरी सांगते.

*

गायकवाड रिटायर झाले तेव्हा सुनंदावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, कुणालाही न विचारता बुधवार पेठेत गेल्या आणि नवऱ्यासाठी विमानाचं इंजिन घेऊन आल्या. खरंखुरं, इंधनावर चालणारं इंजिन, पण लिंबाएवढं! दुकानदारानं मोठी दाखवली होती. वहिनी त्याला म्हणाल्या, "दोन खोल्या आहेत आमच्या. मोठं इंजिन घेतलं की विमानही मोठं येणार. ते ठेवू कुठं, डोक्यावर?"

दामले सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते निरखलं. "वहिनी, हे विमानात बसवायचंय की मिक्सरमध्ये?"

"इंजिन मी आणलंय. विमान तुम्ही शोधा. एवढे शहाणे आहात ना सगळे? आणि उडवाल तेव्हा मला बोलवा. मला बघायचंय."

एवढंच मागितलं होतं हो त्यांनी.

*

नवं इंजिन विमानात बसवण्याआधी फळीवर आवळून थोडं थोडं चालवतात, त्याला सवय व्हावी म्हणून. गायकवाडांनी ते बाल्कनीत चालवलं. इंधनात एरंडेल असतं. सगळ्या बिल्डिंगभर धूर आणि वास! सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले.

"डासांची फवारणी चाललीय का? आमच्या मजल्यावर पण मारा की."

वहिनी म्हणाल्या, "मारू, पण यानं डास जात नाहीत. शेजारी येतात."

*

आमच्यातला नियम असा, की आधी इंजिन, मग विमान. इंजिनाला पेलेल तेच किट घ्यायचं. लहान इंजिन असेल तर विमान हलकं, पंख भरपूर, थाटमाट शून्य. हे आम्हाला तोंडपाठ होतं.

तरीही वानखेडेनं चार फुटी पंखांचं दणकट किट मागवलं. का, तर खोक्यावरचं चित्र भारी होतं! रात्रंदिवस खपून जोडलं, माळावर आणलं, वहिनींचं इंजिन बसवलं. इंजिन बिचारं जीव तोडून कोकललं आणि विमान जमिनीवरून चालायला लागलं. चालत चालत माळाच्या टोकापर्यंत गेलं. उडायचं नावच नाही!

शेळ्या चारणारा एक म्हातारा बघत होता. त्यानं विचारलं, "कुटवर जायाचं हाय?"

"सोलापूर," दामले सर म्हणाले.

वानखेडे रडकुंडीला आला. "काहून नाही उडून राहिलं, सर?"

"तुम्ही इंजिनाला विमान नाही दिलंत. ट्रक दिलात."

वहिनी त्या दिवशी मुद्दाम रिक्षा करून आल्या होत्या. टाळ्या वाजवायला उचललेले हात त्यांनी तसेच खाली घेतले. जाताना मला म्हणाल्या, "दम लागतो गं हल्ली. पुढच्या वेळी नक्की उडणार असेल तरच बोलवा."

*

मग दामले सरांनी सूत्रं स्वतःच्या हाती घेतली. सबंध पावसाळा खपून त्यांनी लढाऊ विमान बनवलं. अंगावर एकेक रिव्हेट रंगवलेला, आत चक्क मिशीवाला पायलट! वजन केलं तर लाकडापेक्षा रंगच जड.

मी म्हटलं, "सर, हे इंजिन याला उचलणार नाही."

"कुलकर्णीबाई, सौंदर्याला थोडं वजन असतंच."

वानखेडेनं हळूच सुचवलं, "सर, पायलटले उतरवून पाहू का?" सर पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

विमान हातातून सुटलं ते थेट नाकावर. पंखांचे तुकडे, शेपटीचा भुगा. पायलटची मिशी तेवढी शाबूत! इंजिन गायकवाडांनी मातीतून उचललं आणि रुमालानं पुसून खिशात घातलं. त्या दिवशी वहिनी नव्हत्या. त्यांचं डायलिसिस सुरू झालं होतं.

*

नंतर त्यांना अॅडमिट केलं. आम्ही भेटायला गेलो, दोन मिनिटं गुडघ्यावर हात ठेवून बसलो, आणि मग कॉटभोवतीच किटचा वाद सुरू! मी केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर पंखांचं क्षेत्रफळ काढतेय, वानखेडे मोबाईलवर रिव्ह्यू वाचतोय, दामले सर हवेत हातानं विमान फिरवतायत.

सिस्टर आल्या. "काय चाललंय? पेशंटला त्रास होतोय!"

"सिस्टर, केसच अवघड आहे," दामले सर तंद्रीतच म्हणाले. "शक्ती कमी आणि वजन जास्त."

सिस्टरनी आम्हाला सरळ बाहेर काढलं. वहिनी हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, "अहो, मला कुठलंही चालेल. पण लवकर उडवा."

दारातून दामले सर म्हणाले, "कुठलंही कसं चालेल, वहिनी?"

चाललं असतं! वाकडंतिकडं, पुठ्ठ्याचंसुद्धा चाललं असतं. पण आम्हाला परफेक्ट किट हवं होतं ना! त्या दुपारचा मला अजून संताप येतो.

*

शेवटी किट सापडलं. आणि आमचं चक्क एकमत झालं, जे आमच्यात होत नाही. हलकं, लांब पंखांचं, रिमोट वगैरे काही नाही. इंजिन त्याला वर नेणार, इंधन संपलं की थांबणार, आणि मग विमान तरंगत तरंगत आपलं आपण खाली येणार. वहिनींनी कॉटवर बसून स्वतःच्या मोबाईलवरून ऑर्डर दिली. तो दिवस त्यांचा बरा गेला.

पार्सल आलं ते वहिनींच्या जलदान विधीच्या दिवशी. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली, वंदना नुकतीच संपलेली, आणि दारात कुरिअरवाला.

"सुनंदा गायकवाड?"

गायकवाड उठले. "द्या, मी घेतो."

"नाही सर, मॅडम पाहिजेत. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर गेलाय."

वहिनींचा मोबाईल त्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी ठेवला होता. गायकवाडांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

"थँक्यू सर. मॅडमना सांगा, फाइव्ह स्टार द्यायला."

"सांगतो," गायकवाड म्हणाले.

*

विमान गायकवाडांनी एकट्यानं जोडलं. आम्हाला इंजिनाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. माळावर आता प्लॉटिंगचे दगड लागलेत, जागा थोडीच उरलीय. अशा वेळी सिरिंजनं थेंब मोजून इंधन घालायचं असतं, म्हणजे इंजिन लवकर थांबतं आणि विमान जवळच उतरतं. गायकवाडांनी टाकी काठोकाठ भरली.

"अहो गायकवाड, हाताबाहेर जाईल!" दामले सर ओरडले.

"जाऊ दे."

आणि त्यांनी सोडलं. काय चढलं म्हणून सांगू! गोल गोल फिरत वर, अजून वर. आमच्यातलं कुणी ओरडलं नाही की टाळी वाजवली नाही. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. मग इंजिनाचा आवाज थांबला. बारीक ठिपका उसाच्या रानांवरून पलीकडे सरकला आणि दिसेनासा झाला.

पंखाखाली फोन नंबर लिहायची आमच्यात पद्धत आहे. आम्ही चहा पीत बसलो होतो तेवढ्यात गायकवाडांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"तुमचं इमान हाय का ह्ये? आमच्या उसात उतारलंय. मोडलं न्हाई. येऊन घिऊन जावा."

"येतो, येतो," गायकवाड म्हणाले. "उडताना बघितलंत का हो तुम्ही?"

"म्या न्हाई. आमची कारभारीण बघत व्हती. पार वर व्हतं तवापासनं. हातातलं खुरपं टाकून उभीच ऱ्हायली. घरला आल्यापासनं त्येच सांगतीया."

गायकवाडांनी हातातला कप खाली ठेवला.

"हॅलो? कवा येताय?"

"नाही येत," गायकवाड म्हणाले. "त्यांना ठेवू द्या ते."

"आवो, इंजिन हाय ह्यात!"

"हो," गायकवाड म्हणाले. "इंजिनासकट."