आतली गुढी

कडुलिंबाचा वास आला की नव्वदच्या दशकातलं राजाजीनगरचं भाड्याचं घर आठवतं. साताऱ्याहून आलो, त्यानंतरचा पहिलाच पाडवा. वडील गच्चीवर गुढी उभारून कामावर गेले. दुपारी घरमालकीण खाली आल्या. एका हातात कडुलिंब-गुळाची वाटी, दुसऱ्या हातात तांब्या आणि गुढीच्या साडीची नीट घडी. "वाळत घालून विसरलात. उन्हात रंग उडाला असता," त्या कानडीत मायेनं म्हणाल्या. आई त्यांच्याच भाषेत 'बरं, ताई' एवढंच म्हणाली, "सरी, अक्का." संध्याकाळी गुढी उतरवायला निघालेल्या वडिलांना तिनं सगळं सांगितलं. ते पायरीवरच बसले. "जाऊ दे. किती जणांना समजावायचं?" पुढच्या वर्षीपासून गुढी घरात, कपाटाशेजारी. आता घर आमचं आहे, गच्चीही. यंदा मुलीनं विचारलं, "गुढी आत का?" मी म्हटलं, "आपल्यात आतच असते."