आईच्या बाजूचा ट्विटर

दर महिन्याला मी आईला जळगावहून धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. वाटेत तिला एकच हवं असतं: शिरपूरची मावशी फोनवर गाऊन पाठवते ती लग्नातली अहिराणी गाणी. मावशीला आता प्रवास होत नाही. आईला कमी ऐकू येतं आणि गाडीतल्या जुन्या स्पीकरांतून तिच्यापर्यंत नुसती धडधड पोचायची. "काय म्हनी ऱ्हायनी ती?" ती सारखी विचारायची.

म्हणून कार-ऑडिओचं दुकान गाठलं. काय हवं ते कागदावर लिहून नेलं होतं: पुढच्या दारांत बेताचे स्पीकर, ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, आरशाजवळच्या कोपऱ्यात, माणसाच्या कानाकडे वळवून, शब्द कळले पाहिजेत. दुकानदाराने कागद वाचला आणि बोटांना लागलेला चुना त्यालाच पुसला. तोंडात गुटखा, त्यामुळे हनुवटी वर करून बोलायचा.

"ताई, टेन्शन घेऊ नका."

गाडी त्याच्याकडे सोडली. संध्याकाळी आईला घेऊन गेले, तर ट्विटर मागच्या काचेखाली, डिकीकडे तोंड करून.

"हे असं का?"

"डिकी उघडली का अख्खी वरात नाचेल, ताई! आपल्याकडे सगळे असंच बसवून घेतात."

"माझी आई उतरणार आहे का नाचायला?"

"उतरतील! बीट तर ऐका." त्याने आवाज वाढवला. दार पत्र्याच्या डब्यासारखं खडखडलं.

मी दाराचं पॅनल उघडायला लावलं. आत पाणी अडवणारं प्लास्टिक फाडून टाकलेलं, आणि स्पीकरभोवतीच्या फटींत गुटख्याच्या रिकाम्या पुड्या कोंबलेल्या. काही ओल्या. वासाने मी तोंड फिरवलं.

"पॅकिंग आहे ते," तो म्हणाला आणि माझ्याच चाकाशी पिचकारी टाकली.

आधी त्याला हात धुवायला लावले. मग समोर उभं राहून पुड्या काढवल्या, दार पुसवलं, नवं प्लास्टिक आणि फोम लावून घेतला. लांब वायर जोडून ट्विटर पुढे आणवले. आईला पुढच्या सीटवर बसवून मावशीचं गाणं लावलं आणि आईच्या बाजूचा ट्विटर हातात धरून मीच फिरवत राहिले. जरा वर, जरा आत. आरशाजवळ नेला तेव्हा आईने हात वर केला.

"इथेच बसवा," मी दुकानदाराला म्हटलं.

आईचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. एकाएकी तिने नाक मुरडलं.

"तिना तोंडमा मिसरी शे! गाता गाता थुकी ऱ्हायनी, ऐक!"

खरंच, दोन ओळींच्या मध्ये थुंकल्याचा आवाज स्वच्छ आला.  आई ताठ बसली.

"लाव तिले फोन. गानं म्हनस का थुकस, इचारू दे."