ट्रक सेल्फ घेत नाही

विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यावर मेहबूब मिस्त्रींचं गॅरेज होतं. तिथं गाडीच्या आधी गाडीवाल्याची दुरुस्ती होत असे. "काय केलंत?" हा मिस्त्रींचा पहिला प्रश्न. "काहीच नाही," असं उत्तर आलं की ते हातातला पाना खाली ठेवत. "काहीच नाही? मग गाडी काय रुसलीय? घरी न्या, समजूत घाला तिची." तीस वर्षं ट्रकखाली आडवं होऊन पाठ वाकली, पण जिभेची धार गेली नव्हती. लोक ऐकून घेत, कारण निदान सहसा चुकत नसे. आणि चुकलंच, तर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती, हेही तितकंच खरं.

चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरात खराडीच्या गेनबांचा विटा वाहणारा जुना ट्रक तिसऱ्यांदा गॅरेजात आला. आला कसला, धक्का मारून सुरू करून आणला. चावी फिरवली की इंजिन अर्धवट गिरकी घेई, दिवे मंदावत, आणि मग नुसतं खट्. चार माणसांनी धक्का मारला की मात्र लगेच सुरू. म्हणजे डिझेल ठीक, इंजिन ठीक. पहिल्या खेपेला मिस्त्रींनी बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्या खेपेला सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर, उतरवून तिचं वाइंडिंग नव्यानं करून घेतलं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच रडगाणं.

आता मिस्त्रींचं डोकंच फिरलं. "गेनबा, दोष गाडीत नाही, ड्रायव्हरात आहे. हा संभाजी चावी दाबून धरतो, सोडतच नाही. सेल्फ जळणार नाही तर काय होणार?"

"मिस्त्री, दोन सेकंदाच्या वर मी चावी धरीत न्हाई," संभाजी म्हणाला.

"वा! आता तुझ्याकडून शिकायचं आम्ही."

गेनबांचा मिस्त्रींवर आंधळा विश्वास. त्यांनी संभाजीकडं न बघताच सांगितलं, "सामान काढून घे तुझं. उद्यापास्नं येऊ नगंस." अकरा वर्षं संभाजी या ट्रकवर होता. थोरली पोरगी बारावीला होती. तो केबिनमध्ये चढला आणि घोंगडी गुंडाळू लागला.

मिस्त्री तणतणत ट्रकखाली शिरले. बॅटरीपासून सेल्फकडं जाणारी वायर त्यांनी पुन्हा एकदा बोटांनी चाचपली. बॅटरीची दुसरी जाड वायर, अर्थिंगची, चेसिसला, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टनं आवळलेली असते. ती त्यांनी तिन्ही खेपांना बघितलीच नव्हती. बघायचं काय त्यात? ती तर दोन महिन्यांपूर्वी रंग दिल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती. खंडेनवमीला ट्रकची पूजा, आणि त्याआधी चेसिसला काळा रंग मिस्त्रींनीच द्यायचा, असा गेनबांच्या घरचा वीस वर्षांचा रिवाज. रंगाऱ्याच्या हाती गाडी सोपवणं मिस्त्रींना मुळीच पटत नसे. रंगारी मेले कुठंही ब्रश फिरवतात.

"जाता जाता चावी फिरव रे एकदा!" त्यांनी खालून ओरडून सांगितलं.

खट्. पुन्हा खट्. तिसऱ्यांदाही खट्. वैतागून बाहेर सरकताना त्यांनी आधाराला चेसिसवर हात ठेवला आणि "या अल्ला!" म्हणत झटकन मागं घेतला. अर्थिंगचा बोल्ट इस्त्रीसारखा तापला होता. करंट वाटेत अडला की ती जागा तापते, हे त्यांना सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. बोल्ट सोडवला. लोखंडाला लोखंड लागायला हवं, तिथं काळ्याभोर रंगाचा जाड थर होता. घासायचा राहून गेलेला.

मिस्त्री तसेच पडून राहिले. स्वतःचीच इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती. पॉलिश पेपरनं दोन मिनिटांत गुपचूप काम झालं असतं. "वायर सैल होती," म्हटलं असतं, तर विषय संपला असता. वर केबिनमध्ये संभाजी जेवणाचा डबा पिशवीत कोंबत होता, त्याची खडखड ऐकू येत होती.

त्यांनी रंग घासला, बोल्ट आवळला. चावी फिरताच ट्रक पहिल्या हिसक्याला सुरू झाला.

"काय व्हतं वो मिस्त्री?" गेनबा खूश होऊन म्हणाले.

"माझं चुकलं," मिस्त्री जमिनीकडं बघत म्हणाले. हे दोन शब्द त्या गॅरेजात पहिल्यांदाच उच्चारले जात होते. "रंग देताना बोल्टखालचा घासायचा राहिला. बॅटरी चांगली होती, सेल्फ चांगला होता. संभाजीचा काही दोष नाही."

गेनबा क्षणभर गोंधळले, मग हसले. "मग ब्येस झालं की! संभाजी, ठेव सामान जागच्या जागी."

संभाजी बोचकं घेऊनच खाली उतरला. "मालक, गाडी चालवतो मी. पण एक अट हाय. हितनं फुडं ही गाडी ह्या गॅरेजला आणायची न्हाई."

गेनबांनी मिस्त्रींकडं पाहिलं. आता यांच्या जिभेचा फटका बसणार, अशी त्यांची खात्री होती.

"बरोबर आहे त्याचं," मिस्त्री म्हणाले.

संभाजीनं बोचकं केबिनमध्ये टाकलं आणि तो स्टिअरिंगवर बसला. वीस वर्षांत पहिल्यांदाच इतकं स्वच्छ सुरू झालेलं ते इंजिन ऐकत मिस्त्री फाटकापर्यंत चालत गेले. संभाजीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.