चुलाणाची दुलई

आमच्या कुळातली सर्वांत जुनी परंपरा वयाने माझ्यापेक्षा लहान आहे. ती मीच सुरू केली. तीही चुकून! आणि इतकी वर्षं त्याबद्दल तोंड शिवून बसले होते.

लग्न होऊन मी तुमसरहून दिघोरीला आले, ती ऐंशी सालाच्या आगेमागे. सासरी धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, लागून थोडा ऊस असायचा आणि हिवाळ्यात मामाजी (म्हणजे माझे सासरे) शेतातच गूळ काढायचे. मातीचं चुलाण, त्यावर भलीमोठी काहील, काहिलीत उकळणारा रस, आणि चुलाणाच्या तोंडाशी लाकडं सारत कुरकुरणारे मामाजी.

"हे चुलाण होय का बकासुर? गाडीभर लाकडं खाल्ले, अन रस अजून आंघोळीच्या पान्यावानी!"

नव्या सुनेने गप्प राहायचं असतं. मी राहिलेही. पण चुलाणाच्या भिंतीला चुकून हात लागला, चटका बसला आणि तोंड उघडलं.

"मामाजी, अर्धी आच तर भिंतीतूनच बाहेर जाऊन राहिली. बाहेरून दुसरी भिंत घालू, मधात धानाचा भुसा भरू. आपण थंडीत दुलई घेतो ना, तसं!"

बैलाने अचानक रामराम घालावा तसे मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पोट्टी बराबर बोलून राहिली!" (मला मिळालेली ही पहिली शाबासकी.)

आता घाई अशी होती, की दोनच दिवसांनी कुंदाला, माझ्या नणंदेला, बघायला आंबागडचे पाहुणे यायचे होते. मुलाचा बाप गुळाचा व्यापारी. त्याने आधीच निरोप धाडला होता: पोरगी पाहू, मग तुमच्या काहिलीतला गूळ पाहू. ज्या घरचा गूळ साफ, त्या घरचा कारभार साफ. कुंदाचं एक स्थळ आधीच मोडलं होतं. त्यामुळे मुलीपेक्षा गुळालाच जास्त नटवायचं ठरलं.

मामाजींनी दुसरी भिंत उभी केली. भुसा आणायचं काम आम्हा नवराबायकोकडे आलं. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, तळ्यावर धुणं धुवायला गेल्या होत्या. कोठीतली पोती आम्ही भराभर ओढली. कोपऱ्यातलं शेवटचं काही केल्या हलेना.

"हे लय जड हाय वो," हे म्हणाले.

"ओला असंन भुसा. उचला!"

मी वरून हात घालून पाहिला. भुसाच होता. खाली हात घातला नाही. (घातला असता तरी काय? तुमसरसारख्या तांदळाच्या बाजारात वाढूनही मला धान ओळखू यायचं ते ताटात भात होऊन आल्यावर!) दोघांनी धापा टाकत, धुरळ्याने डोळे मिटून, ते पोतं भिंतींच्या मधल्या खाचेत रिकामं केलं. वरून मातीचा लेप दिला. चुलाण दुलई पांघरून बसलं.

पाहुणे आले. कुंदा पसंत पडली. मग सगळी वरात शेतात. आणि खरंच सांगते, निम्म्या लाकडांत रस असा खदखदला, की मामाजी होणाऱ्या व्याह्यांना सांगू लागले, "आमच्या सुनेचं डोकं हाय हे!" मी पदर सावरून उभी. हनुवटी जरा वर.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. फट्!

"काय जी हे?" व्याही म्हणाले.

"माती तापून राहिली," मामाजी म्हणाले.

फट्! फटफट्! वरच्या लेपाला तडा गेला आणि त्यातून एक पांढरीशुभ्र लाही उडून थेट काहिलीत पडली. तिच्यामागे दुसरी. मग तर भिंतीने धरबंदच सोडला! लाह्या मामाजींच्या पागोट्यावर, व्याह्यांच्या मिशीवर, आणि पसा-पसाभर त्या सोन्यासारख्या रसात!

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाहीपेक्षा पांढरा. माझ्या कानाशी येऊन त्या पुटपुटल्या, "कोपऱ्यातलं पोतं कोनं आनलं वो? माहं धान होतं त्यात!"

रोज कांडताना मूठ-मूठ बाजूला काढून, मामाजींना कळू नये म्हणून वर भुसा पसरून, त्यांनी कुंदाच्या जोडव्यांसाठी ते धान साठवलं होतं. आणि मी ते चुलाणाला पांघरलं होतं! मी बोलले तर आत्याबाईंचं बिंग फुटणार, त्या बोलल्या तर माझं, आणि कुणीच बोललं नाही तर कुंदाचं लग्न मोडणार.

व्याह्यांनी मिशीवरची लाही काढून निरखली. "हा कोनता गूळ म्हनाचा, पाटील?"

मामाजींचं तोंड उघडं. त्यात एक लाही.

आणि आत्याबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरची रीतच हाय जी. पोरीची सुपारी फुटाची असली का काहिलीत लाह्या पडतेत. लक्ष्मीचा मान!"

व्याह्यांनी गुळाचा गरम गोळा जिभेवर ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. कुरुम. कुरुम.

"वा! लाह्या आपोआप पडल्या, म्हंजे शुभच की!"

कुंदाची सुपारी तिथेच, चुलाणाजवळ फुटली. मी एवढा मोठा श्वास सोडला, की आत्याबाईंनी मला चिमटा काढला. जोडव्यांचं धान गुळात गेलं खरं, पण जोडवी घालायला सासर मिळालं.

पाहुणे गेल्यावर मामाजी गरजले, "भुशात धान कोनं मिसळवलं?" आत्याबाई लाह्या झाडू लागल्या, मी काहील घासू लागले. मामाजींनी स्वतःच निकाल लावला. "ह्यानंच! बायकोचं डोकं केवढं, अन हा लाह्यावाला!" माझे यजमान त्या दिवसापासून मामाजी असेपर्यंत लाह्यावाला राहिले. ते मुकाट ऐकायचे आणि माझ्या घशाखाली गूळ उतरायचा नाही.

तेव्हापासून घरात कुणाची सुपारी फुटायची असली, की काहिलीत मुद्दाम लाह्या टाकायची रीतच पडली. यंदा कुंदाच्या घरी तिच्या नव्या सुनेने विचारलं, गुळात लाह्या कशाला? कुंदा म्हणाली, "माह्या पणजोबापासूनची रीत हाय." मला राहवलं नाही. आत्याबाई आणि मामाजी आता नाहीत. बिंग फुटून कुणाचं बिघडणार होतं? सगळं सांगून टाकलं. पोत्यासकट.

कुंदा हसली. "वयनी, काहीबी नको सांगू. आमच्या घरची रीत तुले काय मालूम? तू तर बाहेरची!"

परतताना यांची माफी मागितली. हे म्हणाले, "मले मालूम होतं. पह्यली लाही उडाली तवाच."

"मग बोलले काहून नाही?"

"शिव्या खाची मले सवय होती. तुले शाबासकी पह्यल्यांदाच भेटली होती ना!"

इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. फार हलकं वाटलं. कबुलीजबाब एकाला खोटा वाटला, दुसऱ्याला शिळा. तेव्हा आता सांगायला तेवढं एक चुलाणच उरलं आहे. त्याला अजूनही वाटतं, लाह्यांची कल्पनाही माझीच होती.