पळसाच्या मुळाची दोरी

लेकीच्या जंगल-शिबिराची सूचना आली: निसर्गात मिळेल त्या वस्तूपासून एखादं अवजार किंवा दोरी स्वतः करून आणा. तिने विचारलं, "पप्पा, आपल्याकडे हे कोणाला येतं?"

मी बाबांकडे बघितलं. ते भंडाऱ्याकडच्या जंगलाकाठच्या गावातून नोकरीसाठी दिल्लीला आले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. आता 'हां' आणि 'नाही' एवढेच शब्द उरलेत.

मी बारा वर्षांचा असताना बाबांच्या ऑफिसची सहल निघाली होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतली सगळी कुटुंबं होती. वाऱ्याने सावलीसाठी बांधलेल्या ताडपत्रीची दोरी तुटली. बाबांनी पळसाचं मूळ उकरलं, साल दगडाने ठेचली आणि तिचे धागे मांडीवर वळून दोरी केली. त्यांचे साहेब म्हणाले, "अरे, सीधे जंगल से आए हो क्या?" सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी उरलेले धागे माझ्यापुढे धरले. "ये, हे टोक धर. शिकवतो."

"बाबा, दोरी बाजारात मिळते," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

आता आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेत राहतो; सोसायटीमागे पाइपसाठी खणलं होतं, तिथून लेकीने पळसाचं मूळ आणलं. साल आम्ही वरवंट्याने ठेचली. बाबांनी डाव्या हाताने धाग्यांचं एक टोक धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. त्यांचा उजवा हात मला व्हायचं होतं. मी पीळ दिला, सोडला की उलगडला. उलट्या बाजूने दिला, तरी उलगडला.

"नाही," बाबा म्हणाले.

"मग कसं, बाबा?"

"नाही." त्यांना घाम फुटला होता.

"छोडो ना पप्पा, मी व्हिडिओ बघते," लेक म्हणाली. तासाभरात तिने वीतभर दोरी वळली. "आजोबा, बघा. बिल्कुल पक्की!"

बाबांनी दोरीवरून अंगठा फिरवला. मध्येच एका जागी थांबले. "नाही."

"काय चुकलं?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग तीही माझ्याकडे वळली. "पप्पा, काय म्हणतायत ते?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

बाबांचा अंगठा अजून त्याच जागी होता.