रूथची साक्ष

रूथ चहाच्या लारीवर, हातगाडीपाशी उभ्या-उभ्यासुद्धा डोळे मिटून प्रार्थना करायची. चहा दोन घोटांचा, प्रार्थना त्याच्या दुप्पट. मी म्हणायचो, "अगं, वर साय धरली." ती डोळे न उघडता म्हणायची, "धरू दे. तेवढा वेळ तुझं तोंड तरी बंद राहील."

ती नवापूरकडची, ख्रिस्ती घरातली. इथं नवागाममध्ये एका दवाखान्यात नर्स होती. मी शिरपूरहून लूमवर कामाला आलो आणि पुढं कापडाच्या खरेदी-विक्रीत पडलो. भाव पाडण्यात कडोदऱ्यापर्यंत माझा हात धरणारा कुणी नव्हता. लग्नाचं ठरवताना मी तिच्याशीही तेच केलं. "तू रविवारी चर्चला जा, पण माझ्या आईला कळू देऊ नकोस. लग्न आत्ता आमच्या पद्धतीनं करू, तुमचं पुढं बघू." ती म्हणाली, "भास्कर, मी कापडाचा ताका नाही. अर्धी फाडून मिळणार नाही." आणि निघून गेली. दुसरी कुणी असती तर निदान भांडली असती! त्यानंतर कित्येक वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

गेल्या वर्षी एका बुधवारी मार्केटात प्रवीण दलालाशी माझं वाजलं. त्यानं माझं गिऱ्हाईक फोडलं होतं. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "तुला जिवंत सोडत नाही!" त्याच संध्याकाळी प्रवीण गोदामाच्या जिन्याखाली बेशुद्ध सापडला, डोकं फुटलेलं. संध्याकाळी कुठं होतास, असं पोलिसांनी विचारलं. "फिरत होतो," मी म्हटलं. खरं सांगायची लाज वाटत होती. प्रवीण शुद्धीवर येईना, आणि मला कधीही आत घेतील अशी स्थिती होती.

माझा टेम्पोवाला याकोब रूथच्याच चर्चचा. शनिवारी तो सहज म्हणाला, "शेठ, उद्या रूथबेन साक्ष देणारेत. सगळ्या मंडळीसमोर."

माझं डोकं फिरलं. मी एकदा मुकादमावर लोखंडी पाना घेऊन धावलो होतो, ते तिनं पाहिलेलं. आता ते चव्हाट्यावर येणार!

रविवारी मी तडक चर्चमध्ये शिरलो. रूथ माइकसमोर उभी होती.

"द्यायची तर पोलिसांत दे साक्ष! इथं माझी अब्रू कशाला काढतेस?"

सगळे वळून बघायला लागले. पाळक शांतपणे म्हणाले, "बसा भाऊ. बहीण आईच्या ऑपरेशनबद्दल बोलतायत." देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, त्याला त्यांच्यात साक्ष म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "आलाच आहे तर याचीपण घ्या."

रूथ हसली नाही. "पोलिसांत परवाच दिली," ती माइकवरच म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी इथं आमची प्रार्थना चालू होती, तेव्हा हा समोरच्या पानाच्या गल्ल्याजवळ, त्या टपरीपाशी उभा होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दर बुधवारी असतो. फोन कानाला लावतो, बोलत मात्र काही नाही."

अख्खं चर्च हसलं. पाळकसुद्धा.

पोलिसांनी गल्लेवाल्याला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. पुढं प्रवीण शुद्धीवर आला आणि पाय घसरला म्हणाला. मी सुटलो. रूथनं महिन्याभरात नवापूरच्या बाजूला नोकरी धरली. आईला आता एकटं ठेवता येत नव्हतं.

पण त्या रविवारी, बाहेर आल्यावर मी तिला गाठलं होतं. "एवढी वर्षं बघत होतीस, तर एकदा तरी बाहेर यायचं होतंस."

"दार उघडंच असायचं, भास्कर," ती म्हणाली.

दार उघडं असतं म्हणून माणूस आत जातो का? कुणीतरी 'ये' म्हणावं लागतं. हे मी तिला तिथंच सुनावणार होतो. पण तिची आई उन्हात ताटकळत होती, जवळ रिक्षा नव्हती. मी नाक्यापर्यंत धावत जाऊन रिक्षा आणली, म्हातारीला हाताला धरून आत बसवलं. रूथ तिच्या शेजारी बसली. माझं बोलणं राहून गेलं.